शनिवारी भरून ठेवलेली बाटली

धुळे,
१९ फेब्रुवारी १९८९

ती. रुपचंदभाऊस,

इंदूचा नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. या वेळी ते घरी न पाठवता माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस. मुख्याध्यापिकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत दिलं, "देवरेबाई, भावाचं पत्र आलंय हो, चांगलं जाडजूड आहे," म्हणून. घरी आलं असतं तर नलूने आधी फोडलं असतं, हे तू बरोबर ओळखलंस.

इकडे सर्व ठीक. माय गेल्यापासून घरात दोघीच. तिची गोधडी परवा धुऊन, वाळवून पेटीत ठेवली. नलूची बारावीची प्रॅक्टिकल चालू आहेत. माझ्या दहावीच्या वर्गाचा अभ्यासक्रम संपला, आता उजळणी घेते. ऊन आतापासूनच डोक्याला लागतं.

आता तुझ्या पत्राविषयी. तुमच्या कॉलेजात यंदापासून रसायनशास्त्रात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला 'कै. प्रा. अभिमन देवरे स्मृती रौप्यपदक' द्यायचं ठरतंय. कल्पना तुझीच. त्यासाठी माझी संमती हवी, नलूच्या बाबांचा एक फोटो हवा, आणि एप्रिलच्या समारंभाला मी मंचावर बसायला हवी. स्मरणिकेचा मजकूरही तू तयार करून पाठवलास. 'ज्ञानयज्ञात स्वतःची आहुती देणारा निष्ठावंत अध्यापक.' खाली नाव नसतं तरी तुझं वाक्य ओळखलं असतं. लग्नपत्रिका असो की शोकसभा, तुझी वाक्यं इस्त्री करूनच येतात.

संमतीचं शेवटी लिहिते. आधी मंगळवारी काय झालं ते वाच.

मंगळवारी नलूची रसायनशास्त्राची परीक्षा होती. सुरू होण्याआधी तिथल्या सरांनी मुलांना सूचना दिल्या. ॲसिटोन, ईथर बर्नरपासून लांब ठेवा, वगैरे. मग म्हणाले, "गेल्या वर्षी जळगावकडच्या एका कॉलेजात एक प्राध्यापक ॲसिटोनची उघडी बाटली पेटत्या बर्नरजवळ ठेवून बसले. प्राध्यापक हं! स्वतः तर गेलेच, कॉलेजलाही बट्टा लावून गेले." एक मुलगा मागून म्हणाला, "सर, ते कॉपी करून पास झाले असतील." सगळे हसले. सरही हसले. त्यांना माहीत नव्हतं की ऐकणाऱ्यांत कोण आहे.

नलूने परीक्षा पूर्ण दिली. घरी येऊन जेवली नाही. चप्पल न काढता उंबऱ्यात बसून मला म्हणाली, "आई, बाबा असे होते का?"

मी नाही म्हटलं.

"मग सगळे तसंच का सांगतात?"

याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण ते द्यायचं काम माझं नव्हे, म्हणून मी तिला पोहे करून दिले.

त्या दिवशी तिला ओळखायला आलेला पदार्थ अल्डिहाइड होता. तिने बरोबर ओळखला. मीच शिकवलं होतं तिला घरी, पाटीवर आकृत्या काढून. अल्डिहाइड आणि कीटोन दोघांतही तोच कार्बोनिल गट. बाटलीत दोन्ही पाण्यासारखे दिसतात. पहिल्या कसोटीत नारंगी साका दोघांचाही येतो, त्यावरून एवढंच कळतं की हे या कुळातले आहेत. वेगळे कोण, ते टॉलेन्सच्या कसोटीने कळतं. सिल्व्हर नायट्रेटमध्ये कॉस्टिक सोड्याचा थेंब, मग तपकिरी साका विरघळेपर्यंत अमोनिया. त्यात पदार्थ घालून नळी गरम पाण्यात धरायची. अल्डिहाइड असला तर काचेला आतून चांदीचा आरसा चढतो. कीटोन असला तर काहीही होत नाही. तिने विचारलं, "काहीच झालं नाही तर काय लिहायचं?" मी म्हटलं, "काही झालं नाही असं लिहायचं. तेही निरीक्षणच आहे."

तू विभागप्रमुख आहेस. तुला हे शिकवायला लिहीत नाही. जळगावला आपण एकाच कॉलेजात होतो, तू दोन वर्षं पुढे, त्याची आठवण झाली म्हणून लिहिलं. तू कसोट्या क्रमाने कधीच केल्या नाहीस. बूच काढून वास घ्यायचास, "बदामासारखा येतोय, बेन्झाल्डिहाइड," म्हणायचास, आणि मग जर्नलमध्ये उत्तरापासून मागे मागे लिहीत जायचास. जी कसोटी केलीच नाही तिचाही रंग लिहायचास. मी एकदा विचारलं तर माझ्या डोक्यावर टपली मारलीस. "इंदे, उत्तर बरोबर असलं की कसोट्या कोण बघतं?" एकदाच चुकलास. बाटलीला आधीच्या पदार्थाचा वास राहिला होता. तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळ्यांसमोर झापलंस.

अपघातानंतर चौकशी समितीपुढेही तू हेच केलंस. उत्तर आधी ठरवलंस, चूक देवरेंची. मग त्याला लागतील तेवढ्या कसोट्या लिहिल्यास. ॲसिटोन, उघडी बाटली, पेटता बर्नर.

ॲसिटोनचा भडका उडाला तर आधी भुवया जातात. सिव्हिल हॉस्पिटलात मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. भुवया, मिशी, पापण्या, एक केस जळलेला नव्हता. भाजल्याची एक खूण नव्हती. काच होती, गळ्यात आणि डोळ्यांत. आणि काळे ठिपके होते, जिथे थेंब उडाले तिथे.

चौथ्या दिवशी तू दुखवट्याला दारावर आलास. बराच वेळ उजवा हात खिशात ठेवून बसलास. चहा आला तेव्हा बशी धरायला तो बाहेर काढावा लागला. माय समोरच होती. तिची नजर म्हातारपणीही तीक्ष्ण. तिने विचारलं, "रुपा, तुना हातले काय लागनं रे? काया व्हयी ग्यात बोटं."

"काही नही वं माय, बिब्बा लागना," असं म्हणालास तू, आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठलास.

मी बशी उचलली. आत नेऊन विसळली. मायला तू एकटाच मुलगा, आणि तिला त्या आठवड्यात एक धक्का पुरे होता. आता माय नाही.

पदकाला माझी संमती नाही. फोटो पाठवत नाही. पदक तांब्याचं, पितळेचं सुचलं असतं तर मी समजू शकले असते. चांदीचं सुचलं, म्हणजे तुला काहीच वाटत नाही, किंवा मला काहीच कळत नाही असं वाटतं.

तुझी बहीण,
इंदू


धुळे,
१२ मार्च १९८९

रुपचंदभाऊस,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. या वेळी घरच्या पत्त्यावर आलं. नलू क्लासला गेली होती, त्यामुळे मीच वाचलं.

तू तीन गोष्टी लिहिल्यास. एक, दुःखाने माझं डोकं ठिकाणावर नाही. दोन, मला बी.एस्सी. होऊन वीस वर्षं झाली, आता मी शाळेत मुलांना लिटमस कागद दाखवते, म्हणून प्रयोगशाळेतलं गुंतागुंतीचं मला कळायचं नाही. तीन, बोटांना बिब्बाच लागला होता, शेतातल्या घरी पायातला काटा काढताना.

पहिलं. ते पुढचं वाचून तूच ठरव.

दुसरं. लिटमसचं बरोबर आहे. शाळेत तेवढंच असतं.

तिसऱ्याला मात्र उत्तर आहे. बिब्बा आपल्या दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे. मळ्यातल्या त्या झाडाखाली तू खेळलास तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि माय आठवडाभर खोबरेल लावत होती. बिब्बा उततो. फोड येतात, खाज येते, कडेने कातडी लाल होते. तुझी बोटं थंड आणि सपाट होती. काळं होतं ते कातडीच्या रेघांमध्ये आणि नखांच्या कडेला, शाई मुरल्यासारखं, अंगठा आणि पहिली दोन बोटं. बूच फिरवताना जिथे ओघळतं तिथे. लागतं तेव्हा दिसत नाही, उजेडात गेल्यावर काळं पडतं, आणि साबणाने जात नाही. हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच कळतं, कारण प्रत्येक मुलगा एकदा तरी हात काळे करून घरी जातो. दिसायला सारखं असलं तरी बिब्बा वेगळा आणि चांदी वेगळी. तुला वास घ्यायची सवय म्हणून फरक कळत नसेल.

आता शनिवारचं लिहिते. मागच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं, कारण ते लिहिताना मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

त्या शनिवारी सकाळीच ते इकडे यायला निघाले, कारण नलूला ताप होता. दुपारी घरी पोचले, हातपाय धुऊन तिच्या उशाशी बसले. मग मला म्हणाले, "सोमवारी पहिल्या गाडीने जावं लागेल. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आहे, टॉलेन्स ताजं करायचंय. रुपचंदभाऊ म्हणत होते, शनिवारीच मोठी बाटली भरून ठेवू, म्हणजे एक्स्टर्नल परीक्षकाला सोमवारी ताटकळावं लागणार नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. ते साठवलं की फुटतं."

मी म्हटलं, "भाऊ ऐकेल ना?"

तर हसले. "तुझा भाऊ रविवारच्या भरिताच्या तयारीत आहे. वांगी निवडायला स्वतः शेतात गेलाय. टॉलेन्सकडे बघायला वेळ कुठे त्याला?"

वेळ काढलास तू. रविवारी एक्स्टर्नलला मळ्यात नेऊन काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालायची होती. सोमवारीही दुपारच्या आत सगळं उरकून साहेबांना पद्मालयाला दर्शनाला न्यायचं होतं. सोमवारी सकाळी ताजं करत बसलं तर एवढा वेळ गेला असता, जेवढा नळ्या धुवायला जातो. तेवढ्यासाठी भरलीस बाटली. बूच लावून खिडकीतल्या फळीवर ठेवलीस. शनिवारची दुपार, अख्खा रविवार, दोन दिवसांचं ऊन.

सोमवारी ते बसस्टँडवरून थेट प्रयोगशाळेत गेले, खोलीवर पिशवी ठेवायलाही थांबले नाहीत. फळीवर बाटली दिसली, तिच्या गळ्याशी काळी कड धरलेली. तेव्हा ते काय म्हणाले, हे तुमच्या कॉलेजातल्या दहा-बारा मुलांनी ऐकलं आहे. "कोणी भरून ठेवलं हे? चला, सगळे व्हरांड्यात व्हा." मुलं बाहेर गेली, मग ते एकटे आत असताना बाटली फुटली; मुलांतल्या एकालाही खरचटलं नाही. हे ती मुलं कधी बोलली नाहीत, कारण त्यांचे प्रॅक्टिकलचे गुण तुझ्या हातात होते. मला हे कळलं पास होऊन इकडे नोकरीला लागलेल्या भिकनकडून. तो घरी आला, नलूच्या बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि रडला. मी त्याला साक्षीला बोलावणार नाही. नोकरीचं पोरगं आहे, आणि तुझे हात कुठवर पोचतात ते मला माहीत आहे.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस, "घरातली गोष्ट घरात राहू दे. यंदा प्राचार्यपदाचं चाललंय." हे वाक्य मात्र इस्त्रीचं नव्हतं. पहिल्यांदाच तुझं खरं वाक्य वाचायला मिळालं.

मला तुझ्याकडून फार नको. संस्थेला चार ओळी लिही. बाटली मी शनिवारी भरली, देवरेंनी नको म्हटलं होतं, ॲसिटोनचं मी रचलं. बस. तुला पोलीस पकडून नेणार नाहीत. तुझी खुर्ची जाईल कदाचित. ज्याने जीव घालवला त्याचं नाव तरी तिथे शाबूत राहील, आणि नलूला वर्गात मान खाली घालावी लागणार नाही.

महिनाअखेरपर्यंत वाट पाहते. नंतर अध्यक्ष जीवराम नानांना मी लिहीन. त्यांनी मला मुलीसारखं मानलं आहे असं तूच शोकसभेत म्हणाला होतास.

इंदिरा


धुळे,
४ मे १९८९

प्रा. रुपचंद बोरसे यांस,

नमस्कार.

मागच्या आठवड्यात मंगळवारी नानांनी बोलावल्यावर संस्थेच्या कार्यालयात आपण समोरासमोर बसलो होतो, त्यामुळे हे पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण काल वहिनींचा निरोप आला की आखाजीच्या सणाला न्यायला मुराळी पाठवतोय, इंदूने माहेरी यावं, मायच्या माघारी पहिलीच आखाजी आहे. त्याचं उत्तर द्यायला हवं. ते शेवटी देते.

तिथे जे झालं ते तू घरी कसं सांगितलं असशील याचा मला अंदाज आहे. म्हणून इथे जसं झालं तसंच लिहून ठेवते.

नाना मध्ये बसले होते, बाजूला ते वकीलसाहेब आणि तुमचे निवृत्त होणारे प्राचार्य. तू खिडकीशी. मी पिशवीतून सदरा काढून टेबलावर ठेवला. हॉस्पिटलने कपडे गाठोडं करून दिले होते. सदरा मी तेव्हाच धुतला होता. सोड्याने रक्त गेलं. काळे ठिपके राहिले, उलट दोरीवर उन्हात वाळताना आणखी गडद झाले. छातीवर, उजव्या बाहीवर, आणि ठिपक्यांमध्ये काचेने पडलेली बारीक भोकं. भाजल्याचा, करपल्याचा एक डाग नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, भावना समजतात. पण डाग कशाचेही असू शकतात."

मी म्हटलं, "म्हणूनच दोन फडकी आणली आहेत."

शाळेतून मुख्याध्यापिकांच्या परवानगीने दोन छोट्या बाटल्या नेल्या होत्या, एकीत ॲसिटोन, दुसरीत सिल्व्हर नायट्रेट. एकाच जुन्या धोतराची दोन फडकी. एकावर याचे थेंब टाकले, दुसऱ्यावर त्याचे, आणि दोन्ही खिडकीत ठेवली, तुझ्या कोपराजवळ. एप्रिलअखेरचं ऊन होतंच. तोवर चहा आला. ॲसिटोनचं फडकं चहा ओतायच्या आत कोरडं, पांढरं. दुसरं आधी तपकिरी झालं, मग कप रिकामे होईतो काळं पडलं. सदऱ्याशेजारी नेऊन ठेवलं तर वेगळं सांगायची गरज उरली नाही.

नानांनी दोन्ही फडकी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "बाई, आपल्याला यातलं काही कळत नही. केळीचं विचारा तर सांगेन. पण हे फडकं काळं पडलं आणि हे नही पडलं, एवढं दिसतंय ना बुवा!" मग तुझ्याकडे वळले. "रुपचंदसर, तुम्ही तर ॲसिटोन लिहून दिलं होतं."

तू घसा साफ केलास.

"नाना, त्या वेळी गोंधळच असा होता..."

"बरं. गोंधळ होता. बाटली भरली कोणी?"

तेव्हा तू उभा राहिलास. उभं राहायची गरज नव्हती, सगळे बसले होते. म्हणालास, "विभागप्रमुख या नात्याने याची संपूर्ण नैतिक जबाबदारी मी स्वीकारतो."

प्राचार्यांनी मान डोलावली. वकीलसाहेबांनाही बरं वाटलं. मला त्या क्षणी हसू आलं. ज्याच्या नावाचं कुंकू लावत होते त्याचा सदरा समोर पडलेला, आणि तू भाषण करत होतास. विचारलं होतं हात कोणाचे, आणि तू पुढे केलीस खुर्ची.

नानांनाही ते पटलं नाही. म्हणाले, "जबाबदारी नका सांगू हो. बाटली कोणी भरली तेवढं सांगा."

"आता वर्ष उलटून गेलं नाना. नेमकं आठवत नाही."

एवढं बोलून तू बसलास आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतलेस. बोटं स्वच्छ होती, मी पाहिलं होतं. तरी घेतलेस.

मी आणखी काही विचारलं नाही. तुला वाटलं असेल की इंदू घाबरली, किंवा भावाची दया आली. तसं नाही. मी वाट बघत होते. नळी गरम पाण्यात धरल्यावर थोडं थांबावं लागतं, लगेच काढून टाकायची नसते. शेवटी आरसा आला नाही, एवढंच. मायला तू एकटा, आपण एका आईची मुलं, नारंगी साका दोघांचाही येईल. त्यापुढची कसोटी तू दिलीस आणि काही झालं नाही. नलूला मी सांगितलंच होतं, काही झालं नाही तर तसं लिहावं. तसं लिहिते आहे.

संस्थेने जुना अहवाल मागे घेतला. नव्याची नक्कल परवा पोस्टाने आली. त्यात आहे की अपघात साठवून ठेवलेल्या चांदीच्या रसायनाने झाला, ते तयार केलं गेलं तेव्हा प्रा. देवरे गावात नव्हते, आणि त्यांनी विद्यार्थ्यांना बाहेर काढल्यामुळे इतरांना इजा झाली नाही. ही शेवटची ओळ भिकनमुळे. तो न बोलावता आला होता, शर्टाची वरची गुंडी लावून, आणि व्हरांड्यात बसून राहिला होता. तू जाताना त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. पोरगं तुझ्यापेक्षा वयाने निम्मं आहे, आणि त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही.

बाटली कोणी भरली हे 'निश्चित करता आले नाही' असं खाली आहे. ते वाचून तू सुटकेचा श्वास घेतला असशील. प्राचार्यपदही मिळेल तुला, मला तशी लक्षणं दिसतात. खुर्चीत बस. एक्स्टर्नल येतील, वांगी भाजली जातील. फक्त प्रयोगशाळेच्या दारावर नानांनी एक सूचना लावायला सांगितली आहे, की टॉलेन्स लागेल तेवढंच ताजं करावं आणि उरलेलं आम्ल घालून ओतून द्यावं. तिच्याखालून तुला रोज जावं लागेल.

पदकाचा विषय तू मागे घेतलास असं नाना म्हणाले. बरं झालं. 'निधी कमी पडला' हे कारण दिलंस, तेही तुला शोभतं.

नलूने अहवालाची नक्कल तिच्या त्या सरांना नेऊन दाखवली. मी नको म्हटलं होतं, परीक्षा होऊन गेली, आता कशाला. ती गेलीच. सुट्टीत सर घरी शिकवण्या घेतात, वर्ग भरलेला होता. सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, मी ऐकीव बोललो. चुकलो मी. तुझे वडील असे नव्हते." त्यांनी नलूच्या बाबांना आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. दोन मिनिटांत म्हणाले. घरी आल्यावर नलू दोन भाकरी जेवली आणि बाबांचा फोटो पुसून पुन्हा खिळ्याला लावला.

तिने मला एकदाच विचारलं, "मामाने भरली होती का?" मी हो म्हटलं. मामा हा शब्द तेव्हापासून तिच्या तोंडी आलेला नाही.

आता आखाजीचं. मुराळी पाठवू नकोस. आला तर मी त्याला पाणी देईन, आंब्याचा रस आणि पुरणाची पोळी वाढीन, कारण तो माझ्या भावाचा मुलगा आहे आणि त्याने माझं काही केलेलं नाही. पण त्याच्याबरोबर मी येणार नाही, यंदा नाही आणि पुढेही नाही. गल्लीतल्या मुलींनी निंबाला झोके बांधले आहेत. नलू आणि मी इथेच सण करू.

सदरा तुला परत द्यावा असं एकदा वाटलं होतं. मग विचार बदलला. चांदीचा डाग कातडीवर पंधरा-वीस दिवस टिकतो. वरची कातडी झडते, नवी येते, बोटं पहिल्यासारखी होतात. तुझी झाली. कापडाला नवी कातडी येत नाही. म्हणून तो माझ्याकडेच राहील.

इंदिरा अभिमन देवरे